रंगविलेलें इंजिन व रद्दींत गेलेलें दप्तर

उरणच्या द्रोणागिरी डोंगराविषयीं एक आख्यायिका आहे. लक्ष्मणाच्या मूर्च्छेच्या वेळीं मारुतिराय संजीवनीचा पर्वत घेऊन लंकेकडे जात असतां त्याचा एक तुकडा येथें गळून पडला व तोच हा डोंगर, असें या भागांतील लोक सांगतात. आख्यायिका गोड आहे. ती सांगणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाहीं, व मागूंहि नये. परंतु याच डोंगराच्या नांवानें आतां एक रेल्वे स्टेशन उभें आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं खारकोपर ते उरण हा लोहमार्गाचा भाग उतारूंसाठीं खुला झाला आणि द्रोणागिरी हें नांव स्टेशनाच्या पाटीवर चढलें. डोंगराला आख्यायिका पुरते. लोहमार्गाला इतिहास लागतो. हा भेद आमच्या लेखकांस अद्याप उमगलेला नाहीं. जुन्या लोहमार्गांविषयीं व त्यांवरील वाफेच्या इंजिनांविषयीं मराठींत आज जें लिहिलें जातें तें बहुतांशीं द्रोणागिरीच्या आख्यायिकेच्याच जातीचें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें मत कठोर आहे हें आम्ही जाणतों, म्हणूनच तें कारणांसह मांडणें आम्हांस प्राप्त आहे.

वाचक विचारतील कीं, वाफेच्या इंजिनाची चर्चा करावयास द्रोणागिरीच्या फलाटावर येण्याचें प्रयोजन काय? येथें येते ती विजेची लोकल. धूर नाहीं, कोळसा नाहीं, राख नाहीं. तरी प्रयोजन आहे. मुंबई बंदरांत शिरणाऱ्या जहाजांस पूर्वेकडे जे डोंगर दिसतात त्यांत करंजा बेटावरील हा डोंगर एक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचीं पहिलीं इंजिनें विलायतेंतील व्हल्कन फौंड्री या कारखान्यांत तयार होऊन १८५२ सालीं मुंबईस आलीं. सुवेझचा कालवा खुला झाला तो १८६९ सालीं. तेव्हां हें अवजड लोखंड आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, जहाजांच्या पोटांतून, याच डोंगराच्या समोरून बंदरांत शिरलें. मुंबईच्या आगगाडीचा जन्म होण्यापूर्वीं तिचे अवयव द्रोणागिरीच्या दृष्टीसमोरून गेले. त्या डोंगराच्या पायथ्याशीं लोकल येण्यास मात्र पुढें १७२ वर्षें लागलीं. मालगाडी या तालुक्यांत तिच्याआधींच आलेली होती. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें आणि त्या बंदराची गरज तत्परतेनें भागविली गेली. माणसांची गरज मागून भागली. लोहमार्ग कोणासाठीं येतो, कोणाच्या जमिनीवरून येतो आणि केव्हां येतो, हे जे इतिहासाचे खरे प्रश्न, ते येथें फलाटावर उभें राहिल्याबरोबर समोर येतात. आमच्या छापील लेखांत ते येत नाहींत.

मग तेथें काय येतें? प्रथम येतो तो पहिलेपणाचा हव्यास. १६ एप्रिल १८५३ हा दिवस कोणास ठाऊक नाहीं? दुपारीं साडेतीनच्या सुमारास १४ डब्यांची गाडी सुमारें ४०० पाहुण्यांस घेऊन बोरीबंदरहून २१ मैलांवरील ठाण्यास निघाली व २१ तोफांची सलामी झाली, ही कथा दर एप्रिल महिन्यांत नेमानें छापली जाते. तिच्या जोडीला 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' हीं तीन इंजिनांचीं नांवेंहि छापलीं जातात. आम्ही एवढेंच विचारतों कीं, हीं नांवें त्या दिवसाच्या कोणत्या कागदांत आहेत? तत्कालीन वर्तमानपत्रांत, कंपनीच्या अहवालांत, कीं कारखान्याच्या नोंदींत? तेथें असतील तर लेखकानें तें दाखवावें. नसतील तर तीं प्रथम कोणीं व केव्हां लिहिलीं याचा शोध करावा. आमच्या वाचनांत आलेल्या बहुतेक लेखांत हा प्रश्नच उपस्थित झालेला नाहीं. एकानें दुसऱ्याचें उतरावें, दुसऱ्यानें तिसऱ्याचें उतरावें, आणि पन्नास लेख जमले म्हणजे पन्नास साक्षीदार झाले असें मानावें, अशी ही रीत आहे. एकाच साक्षीदारानें पन्नास वेळां सही केली म्हणून साक्ष पन्नासपट बळकट होत नाहीं.

'हिंदुस्थानांतील पहिली आगगाडी' हा शब्दप्रयोगहि असाच सैल आहे. मद्रासजवळ रेड हिल्स येथें दगड वाहणारी रेल्वे १८३७ सालींच चालूं लागली होती. रुरकीजवळ गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ च्या अखेरीस 'थॉमसन' नांवाचें वाफेचें इंजिन मातीच्या वाघिणी ओढीत होतें. खुद्द मुंबईंत ठेकेदाराचें 'फॉकलंड' हें इंजिन १८५२ सालीं भायखळ्याच्या बाजूस रुळांवर फिरत होतें. म्हणजे १८५३ चा मान आहे तो सार्वजनिक उतारूंच्या नियमित गाडीचा. असें म्हटल्यानें ठाण्याच्या गाडीचा मान कमी होत नाहीं, तो नेमका होतो. परंतु नेमकेपणानें आमच्या उत्सवप्रिय लेखकांचें समाधान होत नाहीं. त्यांस इतिहास नको, जयंती हवी.

दुसरें उदाहरण विदर्भांतील आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर व अचलपूर यांस जोडणाऱ्या अरुंद मापाच्या 'शकुंतले'विषयीं कोणतेंहि वर्तमानपत्र उघडावें. 'इंग्रजांस आम्ही अद्याप भाडें भरतों' हें वाक्य वर्षानुवर्षें तेथें आढळलें आहे. या मार्गाचा करार सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीशीं होता व तिचा कारभार किलिक निक्सन या पेढीकडे होता. ही पेढी १८५७ सालीं मुंबईंतच स्थापन झालेली असून स्वातंत्र्यानंतर ती हिंदी मालकांच्या हातीं गेली. वाक्य लिहिणाऱ्यांपैकीं किती जणांनीं कराराचा कागद पाहिला? भागधारकांची यादी किती जणांनीं मागितली? आम्हांस भीति वाटते कीं, या प्रश्नाचें उत्तर देण्यास एका हाताचीं बोटेंहि अधिक होतील. देशाभिमानाचा आव आणून लिहिलेलें असत्य हेंहि असत्यच असतें, आणि त्यानें यवतमाळच्या शेतकऱ्याची गाडी परत येत नाहीं.

पहिलेपणाचा हव्यास हा एक रोग झाला; दुसरा रोग इंजिनाच्या मूर्तिपूजेचा. स्टेशनासमोर चौथरा बांधावयाचा, त्यावर जुनें इंजिन ठेवावयाचें, त्यास काळा व तांबडा रंग फांसावयाचा, पितळेची पाटी चकचकीत करावयाची आणि पुढाऱ्याच्या हस्तें फीत कापून 'वारसा जतन झाला' असें जाहीर करावयाचें, एवढ्यांत आमचें कर्तव्य संपतें. इंजिनें ठेवूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इंजिन म्हणजे काय, याचा तरी विचार व्हावा. कारखान्यांत मोठ्या दुरुस्तीस आलेल्या इंजिनाचा बॉयलर उतरवीत आणि दुरुस्त होऊन तयार असलेला दुसऱ्याचा बॉयलर त्यावर चढवून तें लवकर कामावर पाठवीत. चाकें बदलत, सिलिंडर बदलत. सुट्या भागांवर मूळ इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असे, म्हणून जाणत्या माणसास एकाच इंजिनाच्या अंगावर तीन-चार इंजिनांचे क्रमांक सांपडतात. तेव्हां पाटीवर जें साल कोरलेलें आहे तें त्या लोखंडापैकीं कोणत्या भागाचें? याचें उत्तर इंजिन देत नाहीं. कारखान्याची नोंदवही देतें. नोंदवही रद्दींत गेली कीं उरतो तो रंगविलेला सांगाडा.

माथेरानचें उदाहरण सर्वांस परिचयाचें आहे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानें बांधलेला हा दोन फुटी मार्ग १९०७ सालीं सुरू झाला. त्यासाठीं जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कोप्पेल या कारखान्यानें चार इंजिनें दिलीं. ७३८ ते ७४१ हे त्यांचे क्रमांक. घाटांतील तीव्र वळणांवर शेवटचे आंस बाजूस सरकावेत अशी त्यांची रचना होती, आणि जवळजवळ पाऊणशें वर्षें त्यांनीं तो डोंगर चढविला. त्यांतील ७३८ क्रमांकाचें नेरळास आहे, ७४० क्रमांकाचें विलायतेस गेलें. हें सारें इंजिनांचे भक्त आम्हांस बिनचूक सांगतील, आणि त्याबद्दल त्यांचे आभार. परंतु त्याच मार्गावर 'वॉटर पाइप' नांवाचें एक स्टेशन आहे. इंजिनाला पाणी लागतें, डोंगरावर पाणी आणावें लागतें आणि तें आणण्यास माणसें लागतात, हा सारा इतिहास त्या दोन शब्दांत बसलेला आहे. तेथें कोण राबत होतें, त्यांना वेतन काय मिळे, पावसाळ्यांत दरड कोसळली म्हणजे रूळ कोण मोकळे करी, हें विचारावयास कोणी उतरत नाहीं. छायाचित्र घेऊन मंडळी पुढें जातात.

या बाबतींतला एक अनुभव येथें सांगितला पाहिजे. द्रोणागिरीच्या नव्या वसाहतींत मुलाकडे राहणाऱ्या एका निवृत्त फायरमनची व आमची गांठ त्या स्टेशनच्या बांकावर पडली. पंचाहत्तरीच्या घरांतले गृहस्थ. तरुणपणीं इंजिनें पुसण्याच्या कामापासून आरंभ करून ते फायरमन झाले होते. आम्हीं पुस्तकी ज्ञानाच्या जोरावर, इंजिनांतील पाण्याची पातळी दाखविणाऱ्या कांचेविषयीं कांहीं बोललों. ते हंसले व म्हणाले, "साहेब, चढावर कांच खोटें बोलते." मग त्यांनीं समजावून दिलें. इंजिन पुढचें तोंड वर करून चढ चढूं लागलें म्हणजे बॉयलरांतील पाणी मागें, भट्टीच्या बाजूस जमतें आणि कांचेंत तें भरपूर दिसतें. चढ संपून उतार लागतांच तेंच पाणी पुढें धांवतें, व भट्टीचें छप्पर उघडें पडण्याचा धोका त्या एका क्षणीं असतो. पाण्यावांचून छप्पर तापलें तर त्यांतील शिशाचें बूच वितळतें, वाफ भट्टींत शिरते, गाडी अडते आणि नोकरीवर गदा येते. बूचहि निकामी असेल तर जीवच जातो. म्हणून चांगला फायरमन कांचेकडे पाही, पण मार्गाची चढउतार पाठ करून ठेवी. हें ज्ञान त्यांस कोणत्याहि पुस्तकानें दिलें नव्हतें. मागल्या पिढीच्या फायरमननें शेजारीं उभें राहून दिलें होतें.

आम्हीं विचारलें, हें आपण कोणास सांगितलें आहे काय? ते म्हणाले, विचारलें कोणीं? फेऱ्यांची टिपणें लिहिलेली एक लहान वही त्यांच्याजवळ होती; क्वार्टर सोडतांना ती कोठें गेली तें त्यांस आठवत नाहीं. चित्तरंजनच्या कारखान्यांतून ब्रॉडगेजचें शेवटचें वाफेचें इंजिन १९७० सालीं बाहेर पडलें, आणि ब्रॉडगेजवरील वाफेची शेवटची नियमित गाडी पंजाबांत ६ डिसेंबर १९९५ रोजीं थांबली. म्हणजे ज्यांनीं भट्टींत फावडें मारलें त्या माणसांपैकीं आज जे हयात आहेत ते सर्व वृद्ध आहेत. इंजिन चौथऱ्यावर आणखी शंभर वर्षें उभें राहील. हीं माणसें आणखी किती वर्षें बांकावर भेटणार?

माणसांची ही उपेक्षा आजची नाहीं. बोरघाटाचा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं खुला झाला. सुमारें १६ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे आणि ३७ फुटांत एक फूट अशी कांहीं ठिकाणची उभी चढण, हे आंकडे तोंडपाठ असणारे लोक आम्हांस भेटले आहेत. फॅव्हिएल या ठेकेदाराकडून काम सुटलें, सॉलोमन ट्रेडवेल आला व अल्पावधींत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें ठेका पुरा करविला, ही कथाहि अलीकडे पुष्कळ सांगितली जाते, व ती सांगण्यासारखी आहे. परंतु १८६१ च्या सुमारास त्या घाटांत ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांत पटकी आणि तापानें किती मेले याचे अंदाज हजारांनीं केले जातात. नांव एकाचेंहि या कथांत येत नाहीं. त्या मजुरांविषयीं पद्धतशीर अभ्यास कोणीं केला? कॅनडांत अध्यापन करणाऱ्या इयान कर यांनीं, १९९५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत. सह्याद्रीच्या अंगांतून बोगदा नेणाऱ्यांचा हिशेब कॅनडांतून यावा, आणि सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्या आम्हीं त्याचा मराठींत परामर्शहि घेऊं नये, ही स्थिति आम्हांस लाजिरवाणी वाटते.

मजुरांप्रमाणेंच जमिनीचें. १८४९ च्या करारानें सरकारनें कंपनीस शेंकडा ५ टक्के व्याजाची हमी दिली व मार्गास लागणारी जमीनहि फुकट पुरविली, एवढें सर्व ग्रंथांत आहे. ती जमीन कोणाची होती, त्यांस काय मिळालें, कुळांचें काय झालें, हें त्या त्या तालुक्याच्या दप्तरांत शोधावें लागेल. या एका बाबतींत उरणचा शेतकरी आमच्या पंडितांहून शहाणा ठरला आहे. १९७० सालीं नव्या शहरासाठीं सिडकोची स्थापना होऊन ९५ गांवांच्या जमिनींवर संपादनाची छाया पडली, आणि १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जणांनीं प्राण दिले. त्या हुतात्म्यांची आठवण जासईस दर वर्षीं केली जाते. आपला सातबारा, आपला फेरफार, आपली नुकसानभरपाईची नोटीस या कागदांची किंमत येथील घराघरांत कळते, कारण त्या कागदांवर पोटाचा प्रश्न अवलंबून होता. नवीं स्टेशनें झालीं तेव्हांहि गांवकऱ्यांनीं आपापल्या गांवांचीं नांवें त्यांस मिळावींत म्हणून आग्रह धरला. शहरांतील कित्येक सुशिक्षितांस ही क्षुल्लक तक्रार वाटली. आम्हांस ती इतिहासाची उत्तम समज वाटते. गांवाचें नांव पाटीवरून गेलें म्हणजे शंभर वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास येथें गांव होतें हेंच कळणार नाहीं, हें त्या लोकांनीं ओळखलें.

आतां दप्तराकडे वळूं. कारण आमचें मुख्य गाऱ्हाणें तेंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका रेल्वेच्या गांवीं जुन्या इंजिनांच्या नोंदवह्या पाहावयास आम्ही गेलों होतों. तेथील सज्जन अधिकाऱ्यानें आदरानें बसविलें, चहा दिला, आणि त्या वह्या जागा मोकळी करतांना वजनावर विकल्या गेल्याचें सहज सांगितलें. त्याच्या स्वरांत दुष्टावा नव्हता, हळहळहि नव्हती. बाहेरच्या आवारांत एक इंजिन मात्र ताज्या रंगानें झळकत होतें. हें चित्र एकाच गांवाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, सरकारी कागदांस कायद्याचें संरक्षण आहे. आहे खरें. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या खात्यांस, अर्थात् रेल्वेसहि, लागू आहे, व नियमबाह्य रीतीनें कागद नष्ट करणें हा त्यानें गुन्हा ठरविला आहे. परंतु त्यांत सालाची जी निरपवाद म्हणावी अशी मर्यादा आहे ती १८९२ ची. त्यापूर्वींचा कागद, वापरण्याच्या पलीकडे जीर्ण झाला नसेल तर, नष्ट करतां येत नाहीं. त्यानंतरचा कागद ठेवावा कीं टाकावा हें खात्यानें तपासून ठरवावयाचें. आतां वाचकांनीं हिशेब करावा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, माथेरान १९०७ चें, मुंबईंत विजेची पहिली गाडी १९२५ ची. आमच्या वाफेच्या युगाचा मोठा भाग या मर्यादेच्या अलीकडे पडतो. त्याचें भवितव्य, कोणता कागद महत्त्वाचा हें ठरविणाऱ्या कारकुनाच्या समजेवर आहे, आणि ती समज त्यास देणारें एकहि मराठी पुस्तक आम्हीं लिहिलेलें नाहीं. मग दोष कारकुनाचा कीं आमचा?

येथें वि. का. राजवाडे यांचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. ज्या वर्षीं बोरघाट खुला झाला त्याच १८६३ सालीं राजवाडे जन्मले. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें वाण्याच्या दुकानांत पुड्या बांधण्यास जात आहेत हें पाहून त्यांनीं उत्सव केला नाहीं, पुतळा उभारला नाहीं. गांवोगांव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल खालीं काढले आणि १८९८ पासून खंडांमागून खंड छापले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तेंहि याच वृत्तींतून. साधनें आधीं, इतिहास मागून, हा धडा त्यांनीं घालून दिला. लोहमार्गाच्या बाबतींत आम्हीं तो उलटा केला आहे: सोहळा आधीं, पुस्तिका मागून, आणि साधनें वजनावर.

या आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा कीं, इंजिनांचा नाद हा हौशी लोकांचा खेळ आहे, विद्वानांचें काम नव्हे. आम्ही उलट म्हणतों कीं, आजवर जें कांहीं वांचलें तें बहुधा हौशी लोकांनींच वांचविलें. कोणतें इंजिन कोठें होतें, केव्हां मोडीत निघालें, याच्या वह्या त्यांनीं पदरमोड करून भरल्या. त्यांची नजर इंजिनाच्या क्रमांकावरून इंजिन चालविणाऱ्याच्या नांवापर्यंत जात नाहीं, ही त्यांची उणीव. पण विद्वानांची नजर क्रमांकापर्यंतहि जात नाहीं, तिला काय म्हणावें?

दुसरा आक्षेप असा कीं, रेल्वे इंग्रजांनीं आपल्या फायद्यासाठीं आणली, तिचा इतिहास मराठींत कशास? जगन्नाथ शंकरशेट १८४५ पासून या उद्योगाच्या उभारणींत होते हें क्षणभर बाजूस ठेवूं. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं 'मुंबईचें वर्णन' लिहिलें त्यांत या लोखंडी रस्त्याचें वर्णन मराठी डोळ्यांनीं केलेलें आहे. १८९९ सालीं याच कंपनीच्या तारवाल्या सिग्नलरांनीं संप केला तेव्हां 'केसरी'नें त्यांची बाजू घेतली. आणि भाषेकडेच पाहावें. 'वॅगन'ची वाघीण कोणीं केली? आगगाडी, रूळ, सांधेवाला, बावटा हे शब्द विलायतेहून पेटींत बंद होऊन आले नाहींत. ज्या लोकांनीं परक्या यंत्राच्या प्रत्येक अवयवास आपल्या भाषेंत नांव दिलें, त्यांचा त्या यंत्राच्या इतिहासावर हक्क नाहीं असें कोण म्हणेल? कंपनी इंग्रजांची होती. भट्टीपुढचा घाम येथला होता.

तिसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: मूळ कागद लंडनला आहेत, ते आम्हांस कोठून मिळणार? लंडनला पुष्कळ आहेत, सर्व नाहींत. संचालक मंडळाचे ठराव तेथें असतील. परंतु सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचीं रेल्वेविषयक दप्तरें मुंबईच्या पुराभिलेखागारांत आहेत, तत्कालीन वर्तमानपत्रें मुंबईच्या ग्रंथालयांत आहेत, आणि मनमाड, भुसावळ, इगतपुरी, दौंड, कुर्डुवाडी, मिरज येथील जुन्या चाळींत नेमणुकीचे हुकूम, बदल्यांचीं पत्रें, दंडाच्या नोटिसा, संघाच्या वर्गणीच्या पावत्या अद्याप पत्र्याच्या पेट्यांत आहेत. बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं अडीच फुटी मार्गावर प्रत्येक आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं दिला नाहीं, हें विलायती पुस्तकें सांगतात. त्या गाडीनें पंढरीस गेलेल्या वारकऱ्यांनीं काय पाहिलें, काय सोसलें, हें विलायती पुस्तकें सांगणार नाहींत. तें बार्शी-पंढरपुराकडेच विचारावें लागेल.

तेव्हां करावें काय? आमच्या सूचना साध्या आहेत. कोणतेंहि जुनें इंजिन चौथऱ्यावर चढविण्यापूर्वीं त्याच्या नोंदवहीची प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवली गेली पाहिजे; नोंदवही नसेल तर ती नाहीं असें पाटीवर लिहावें. वाफेच्या इंजिनांवर काम केलेल्या हयात माणसांच्या जबान्या, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलींत, पुढील चार-पांच वर्षांत घेतल्या पाहिजेत. ज्या महाविद्यालयांत इतिहास शिकविला जातो त्यांनीं परीक्षेच्या निबंधांऐवजीं हें काम विद्यार्थ्यांस द्यावें. खात्यानें जुने कागद काढून टाकण्यापूर्वीं त्यांची यादी प्रसिद्ध करावी, म्हणजे मागणाऱ्यास ते मागतां येतील. आणि मासिकांच्या संपादकांनीं, आम्ही स्वतःस वगळीत नाहीं, लोहमार्गावरील कोणताहि लेख 'हें आपण कोठें वाचलें?' या प्रश्नावांचून स्वीकारूं नये.

आरंभ द्रोणागिरीपासूनच व्हावा अशी आमची इच्छा आहे. नेरूळ व बेलापूरपासून उरणपर्यंतचा हा मार्ग १९९० च्या दशकांत कल्पिला गेला आणि २०१८ व २०२४ अशा दोन टप्प्यांत खुला झाला. सिडको आणि रेल्वे या दोघांनीं तो भागींत बांधला, म्हणून त्याचे कागद दोन घरांत विभागलेले आहेत. तो इतका कां रखडला, खाडी आणि खाजण कोणाचें गेलें, मिठागरांचें व मासेमारीचें काय झालें, स्टेशनांचीं नांवें कशीं ठरलीं, हें सांगणारीं माणसें आज उरणच्या बाजारांत भेटतात. ज्या दिवशीं हा मार्ग पुरा झाला त्याच दिवशीं शिवडीहून येणारा समुद्रावरचा मोठा पूलहि खुला झाला. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत पुलाचीं छायाचित्रें झळकलीं आणि या मार्गास कोपरा मिळाला. सत्तर वर्षांनीं कोणी उत्साही लेखक 'द्रोणागिरीची पहिली लोकल' या विषयावर लिहावयास बसेल. त्याच्या हातीं आम्ही काय ठेवणार? फीत कापल्याचें छायाचित्र, कीं जमिनीच्या निवाड्याची प्रत, मोटरमनची जबानी आणि गांवकऱ्यांचा अर्ज?

मारुतीच्या हातून पडलेल्या तुकड्याची कथा लोकांनीं दोन हजार वर्षें जपली, कारण ती सांगण्यास कागद लागत नव्हता. आगगाडीची कथा तशी नाहीं. बांकावरचे ते गृहस्थ आम्हांस निरोप देतांना म्हणाले कीं, वही सांपडली तर कळवीन. आम्ही वाट पाहत आहों. परंतु त्यांस विचारावयास आम्ही चाळीस वर्षें उशीरा गेलों, हें त्यांनीं सौजन्यानें बोलून दाखविलें नाहीं, म्हणून आम्हीं येथें लिहिलें आहे.